रविवारची बैठक

"आबा, रविवारी माझी बैठक आहे!"

हे मी आधी साध्या आवाजात म्हणाले, मग ओरडून, आणि शेवटी आबांच्या डाव्या कानाला जवळजवळ तोंड लावून. शेडमध्ये आमचे चारही माग चालू होते. ज्यांचं आयुष्य इचलकरंजीत गेलंय त्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. चालत्या मागांच्या शेडमध्ये माणसं बोलत नाहीत. ओठ हलवतात, हात हलवतात, आणि समोरच्याला जे ऐकायचं असतं ते तो ऐकतो.

त्यातून आबांच्या कानात माग बसलेला. हे आईचं म्हणणं. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते मागावर उभे, त्यामुळे शेडमध्ये, घरात, देवळात ते ओरडूनच बोलायचे आणि आम्हीही ओरडूनच उत्तर द्यायचो. शेडमधला त्यांचा शब्दसंग्रह तर अगदीच आटोपशीर होता. सुताच्या कांड्या भरणारी बाई टोपलीत कांड्या ओतायला लागली, की टोपली भरल्यावर हात वर करून एकच शब्द, "बस!" जेवताना भात जास्त पडायला लागला की तोच हात, तोच शब्द.

"कसली बैठक?" आबांनी मागात धावणाऱ्या धोट्यावरची नजर न काढता विचारलं.

"माझी! रविवारी!"

आता नजर उठली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जरा गांगरलेच. चेहरा हळूहळू उजळत गेला.

"खरं म्हणतीस?"

"खरं!"

"तुझी तू तयार झालीस?"

"कधीची तयारी चाललीय आबा! आपल्या समाजाच्या कार्यालयात आहे. दहा वाजता."

"कार्यालयात? एवढी माणसं?"

"सगळ्या जिल्ह्यातनं येणार!" मी दोन्ही हात पसरून दाखवले.

आबा हसले. पुढं काहीतरी बोलले, पण त्यातलं "मी सांगतो त्यास्नी" एवढंच मला ओठांवरून कळलं. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून डोळे पुसले आणि तोच टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला. आमच्या घरात यापेक्षा मोठा लाड नव्हता. मी शेडमधून उड्या मारतच बाहेर पडले.

आता नेमकं काय झालं होतं ते सांगते. मी वीस वर्षांची होते. दोन वर्षांपूर्वीच्या टायफॉइडनंतर अंगात काही राहिलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि आईनं मला मुल्लाणी सरांच्या व्यायामशाळेत घातलं. सर शाळेत पी.टी. शिकवायचे आणि सकाळी मुलींसाठी व्यायामशाळा उघडायचे. स्वतः तालमीतले, त्यामुळे त्यांच्या तोंडी इंग्रजी नावं बसत नसत. खांद्यावर बार घेऊन खाली जाऊन वर येण्याला सगळं जग स्क्वॉट म्हणतं, सर म्हणायचे बैठक. आम्ही मुलीही तेच म्हणायचो. "आज बैठक आहे का बेंच?" असं आमचं बोलणं.

रविवारी होती जिल्ह्याची पॉवरलिफ्टिंग निवड चाचणी. पण आबांना मी स्पर्धा म्हणून सांगणार नव्हते. स्पर्धा म्हटलं की कपडे कसले, बघणारे कोण, परगावी कोण नेणार, सगळं आलंच. बैठक हा घरातला शब्द. आबांनी स्वतः तरुणपणी जोर-बैठका काढलेल्या. मी म्हटलं, या शब्दानं सुरुवात करू, बाकीचं पुढं गोडीगुलाबीनं सांगू. मोठी हुशार मी!

आबांच्या डोक्यात मात्र दोन महिन्यांपासून वेगळीच बैठक होती. रेंदाळच्या होगाडेंचा मुलगा त्यांना पसंत होता. सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमध्ये नोकरी, निर्व्यसनी, घरचे चांगले. आमच्याकडे लग्न ठरवायला दोन्हीकडची माणसं एकत्र बसतात, देणंघेणं, मानपान, तारीख बोलतात आणि सुपारी फोडतात, तिलाही बैठकच म्हणतात. मी त्या मुलाचा फोटोसुद्धा बघायला तयार नव्हते. आबांनी जबरदस्ती केली नाही, फक्त रोज जेवताना एक सुस्कारा सोडायचे. आणि आता मुलगी स्वतःहून शेडमध्ये येऊन सांगत होती की रविवारी माझी बैठक आहे, आपल्या समाजाच्या कार्यालयात, दहा वाजता.

त्यांनी त्याच संध्याकाळी रेंदाळला फोन लावला.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या डोक्यात एकच काळजी, खाली जायचं कसं?

बैठकीचा नियम साधा आहे. खाली जाताना कंबरेचा सांधा गुडघ्याच्या खाली गेला पाहिजे. जरा वर राहिला की पंच लाल झेंडा दाखवतात. तिन्ही प्रयत्न बाद झाले की पुढचं बाकावर झोपून करायचं बेंच नाही, जमिनीवरून उचलायचं डेडलिफ्ट नाही, सरळ घरी. आदल्या वर्षी घरी न सांगता गेले होते, तेव्हा माझं हेच झालं होतं. तिन्ही वेळा मी वजन घेऊन दिमाखात उठले, आणि तिन्ही वेळा लाल. मला तर वाटलेलं मी जमिनीला टेकून आले.

"तू बैठक मारत न्हाईस," मुल्लाणी सर म्हणायचे. "कुंपणावरनं वाकून बघितल्यागत करतीस."

"जाते की सर खाली."

"जातीस, पर पोचत न्हाईस. अगं, अर्ध्यात थांबलीस की समदं वजन गुडघ्यावर येतंय. पार खाली गेलीस की मांड्या काम करतात, मागचं अंग काम करतंय. बस. अजून बस. बस की!"

ते माझ्या मागं लाकडी पाट ठेवायचे. त्याला टेकून उठायचं. हलक्या वजनाला मी पाटाला टेकायचे. वजन वाढलं की मात्र टाचा उचलायच्या, गुडघे आत यायचे आणि पाट लांबच राहायचा. सरांनी सगळं दुरुस्त करून बघितलं. बार मानेवर नको, खांद्याच्या मांसावर घे. श्वास छातीत नको, पोटात भर आणि पट्ट्यावर दाब. नजर छतावर नको. रोज वजन वाढवायचा हट्ट नको, आज जेवढं नीट जमतंय तेवढंच कर, घरी जाऊन जेव आणि झोप. मी सगळं ऐकलं. दूध प्यायले, शेंगदाणे-गूळ खाल्ला, नऊला झोपले. पण बार जड झाला की मनात एकच भीती यायची, खाली गेले आणि उठताच आलं नाही तर? सगळ्यांसमोर तशीच बसून राहिले तर?

रविवारी सकाळी जाग आली तर घरात उत्सव. आई पोह्यांसाठी कांदा चिरत होती. आबांनी दाढी केली होती आणि इस्त्रीचा सदरा घातला होता. मला भरूनच आलं. माझ्या बैठकीसाठी एवढं!

"आबा, तुम्ही पण येणार?"

"मी न्हाई तर कोण येणार?" ते ओरडले. "बापाशिवाय बैठक हुती व्हय?"

"उभी काय राहिलीस?" आई म्हणाली. "दारात रांगोळी घाल जा. मोठी घाल."

"रांगोळी कशाला?"

"आज न्हाई घालायची तर कवा घालायची?"

मला हे पटलं. मी दारात उकिडवी बसले आणि रांगोळी घालायला घेतली. रांगोळीत माझा हात चांगला होता. ठिपके काढले, रेघा जोडल्या, पाकळ्या भरल्या. बराच वेळ गेला असेल. मधेच माझी नजर माझ्याच पायांवर गेली.

मी पार खाली बसलेली होते. याच्या खाली जायला जागाच नव्हती. टाचा जमिनीला घट्ट. पावलं जरा बाहेर वळलेली. गुडघे बाहेर, आणि मधून माझे दोन्ही हात मोकळे रांगोळीकडे गेलेले. व्यायामशाळेत मी पावलं कशी ठेवते? सरळ, जवळ-जवळ, शाळेत प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. मी तिथल्या तिथे उठले, पुन्हा बसले. उठले, बसले. शेजारच्या काकू दूध घेऊन येत होत्या, त्या थांबून बघायला लागल्या.

"काय गं वैजू, काय हरवलं?"

"सापडलं काकू!" मी म्हटलं.

निघताना आईनं पिशवीत हिरवी साडी घातली.

"ही आणि कशाला?"

"चार माणसांसमोर जायचं, साडी नको व्हय?"

बक्षीस घ्यायला स्टेजवर जावं लागणार, आईचा केवढा विश्वास माझ्यावर! तिनं ब्लाउज घालून बघायला लावला. तो दंडावर चढेना. आईनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बस झाला आता तुझा व्यायाम." मी तिला मिठी मारली आणि सायकल घेऊन पुढं निघाले. वजन करायला लवकर जायचं होतं, घरी 'तयारीला पुढं जाते' एवढंच सांगितलं. ते मागून सावकाश येणार होते.

कार्यालय मोठं गमतीदार दिसत होतं. लग्नाचा हंगाम नव्हता म्हणून संघटनेला ते स्वस्तात मिळालेलं. स्टेजवर लाकडी फळ्या टाकून मधोमध बार ठेवलेला. मुख्य पंचांना साधी खुर्ची मिळाली नाही, त्यामुळे ते नवरदेवाच्या लाल मखमली सिंहासनात बसले होते. दोन बाजूंना दोन पंच, प्रत्येकाच्या हातात एक पांढरा आणि एक लाल झेंडा. मागच्या भिंतीवर थर्माकोलचं 'शुभविवाह' तसंच राहिलेलं, त्यातला 'शु' पडलेला.

पहिल्या प्रयत्नाला रांगोळी विसरले. सवय वाईट असते. पाय जवळच ठेवले, टाचा उचलल्या. तिन्ही लाल.

दुसऱ्याला पाय बाहेर घेतले, टाचा टेकल्या, गुडघे बाहेर. खाली जायला लागले आणि अगदी शेवटी ती जुनी भीती आली. तिथून मी परतले. दोन लाल, एक पांढरा.

"जवळ आलीस," मुल्लाणी सर म्हणाले. "चार बोटं राह्यलीत. पाय आता बरोबर ठेवतीस, कुणी शिकवलं?"

"रांगोळीनं."

"आं?"

तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं आणि माझ्या हातातला पाण्याचा तांब्या खालीच पडला.

दारात आबा उभे होते. शेजारी आई, तिच्या हातात ताट. ताटात नारळ, सुपारी, हळदीकुंकू. त्यांच्यामागे एक भारदस्त बाई, फेटा बांधलेले एक गृहस्थ आणि आणखी पाच-सहा माणसं. शेवटी एक हडकुळा तरुण, ज्याचा फोटो मी बघितला नव्हता. तरीही तो कोण ते मला लगेच कळलं.

दारावरच्या स्वयंसेवकानं त्यांना अडवलं होतं. त्यांचं काय बोलणं झालं ते आईनं मला नंतर पोट धरधरून सांगितलं.

"कोण पाहिजे?" त्यानं विचारलं.

"मी मुलीचा बाप," आबा ओरडले. "बैठक हितंच हाय न्हवं?"

"हितंच हाय. बैठकच चाललीया. ओरडू नका, बसा गप."

आणि त्यानं सगळ्यांना नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. सुपारीच्या ताटासकट.

"काय झालं गं?" सरांनी मला विचारलं.

"आबा आलेत."

"बेस झालं की. बघू दे पोरीला."

"सर, पाहुण्यांना घेऊन आलेत. मला बघायला. लग्नासाठी!"

सरांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. नारळ बघितला. फेटा बघितला. मग माझ्या कंबरेचा पट्टा एका भोकानं आवळला.

"मग नीट बस," ते म्हणाले. "अर्धवट बसलीस तर दोन्हीकडनं नापास."

मी हसायला लागले आणि हसता-हसता रडूही आलं. आबांना मला सांगायचं होतं ते हे असं नव्हतं. मला त्यांना आधी पांढरे झेंडे दाखवायचे होते. राज्याच्या स्पर्धेचं नाव सांगायचं होतं, मग म्हणायचं होतं, आबा, एवढं एक वर्ष द्या. आता हातात काहीच नव्हतं. अंगाला चिकटलेला निळा पोशाख होता, दोन बाद प्रयत्न होते आणि समोर अख्खं रेंदाळ बसलं होतं. हाही बाद गेला तर मी आबांकडे काय तोंडानं मागणार होते?

"वैजयंता उरुणकर. तिसरा आणि शेवटचा प्रयत्न."

मी स्टेजवर गेले. पहिल्या रांगेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि पहिलं तिकडंच बघितलं. आबा अर्धे उठले होते. त्यांचं तोंड उघडं होतं. ते एकदा माझ्याकडे, एकदा बारला लावलेल्या लोखंडी चकत्यांकडे बघत होते. आईनं ताट छातीशी धरलं होतं.

हातांना पांढरी पूड लावायला गेले तर नखांत सकाळची रांगोळी होतीच. मी बारखाली गेले. खांद्याच्या मांसावर घेतला. उचलून दोन पावलं मागं आले. टाचा घट्ट, पावलं बाहेर. पोटात श्वास.

"स्क्वॉट!" सिंहासनातून हुकूम आला.

मी खाली निघाले. सुरुवातीला सगळं जागच्या जागी होतं. मग ती जागा आली. दर वेळची. ती जुनी भीती आली आणि मी परत फिरायला लागले. त्याच क्षणी सगळ्या कार्यालयात एक आवाज घुमला. चार मागांवरून ऐकू जावा म्हणून घडलेला आवाज.

"बस!"

आबा ओरडत होते.

"वैजू, बस! बस!"

माझ्या अंगातून काहीतरी सुटलं. आबा बस म्हणतायत! या कपड्यांत, या पाहुण्यांसमोर, माझा बाप मला बस म्हणतोय! मग भ्यायचं कशाला? मी बसले. दारात बसते तशी पार खाली बसले, जिथून खाली जायला जागा नसते तिथपर्यंत. एक क्षण वाटलं, संपलं, आता नाही उठत. मग टाचांनी फळी ढकलली, गुडघे बाहेर रेटले, आणि ते लोखंड हललं. इंच-इंच हललं. मधेच अडलं. कानात नुसता खडखडाट होता, शेडमध्ये असतो तसा. मी त्या खडखडाटातून वर आले आणि सरळ उभी राहिले.

"रॅक!"

बार जागेवर गेला. मी वळून बघितलं. पांढरा. पांढरा. सिंहासनातल्या पंचांनी जरा वेळ घेतला, मग त्यांचाही पांढराच.

मुल्लाणी सरांनी टोपी उडवली, ती 'शुभविवाह'च्या 'वि'वर अडकली.

मी तशीच पळत खाली आले. आबा उभेच होते. फेटेवाले गृहस्थ, म्हणजे मुलाचे मामा, त्यांच्या कानाशी बोलत होते.

"उरुणकर, हे काय? आम्हाला बैठकीला बोलावलं आणि पोरगी अशा कपड्यांत—"

आबांनी कानामागं हात धरला. "आं?"

"म्हटलं, अशा कपड्यांत पोरगी—"

"जरा मोठ्यानं बोला. माझ्या कानात माग बसलाय."

"अशा कपड्यांत!" मामा ओरडले.

जिल्हाभरातून आलेल्या मुली, त्यांचे आईबाप, पंच, सगळे मामांकडे बघायला लागले. मामा लाल झाले.

"कापडाचं म्हणता व्हय?" आबा त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. "कापडाचं मला इचारा! चांगलं कापड हाय. ताण किती घेतंय बघा की!"

हशा पिकला. मामा खाली बसले. आबा माझ्याकडे वळले आणि मला वाटलं आता खरं काय ते होणार. त्यांनी माझ्या खांद्यावर बार रुतून झालेला लाल वळ बघितला. त्यावरून बोट फिरवलं.

"पांढरं म्हंजी पास का गं?"

"पास, आबा."

"म्हंजी ही बैठक तुझी."

"हो."

"आणि मी समजलो ती?"

"ती मी नव्हते म्हणाले, आबा."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग त्यांच्या तोंडून एक हसू फुटलं. आईनं ते पकडलं आणि ताट हातात घेऊन तीही हसायला लागली, सुपाऱ्या ताटात खुळखुळायला लागल्या. हसली नाही एकच, मुलाची आई. त्या होगाडे काकू माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझा पट्टा चाचपून बघितला.

"हे आवळल्यावर श्वास घेता येतो का गं?"

"पोटात घ्यायचा, काकू."

"अजून किती वेळ हाय तुझं?"

"अजून बेंच आणि डेडलिफ्ट आहे."

काकू मामांना म्हणाल्या, "बसा हो. एवढ्या लांबनं आलोय, पोरीचं सगळं बघून जाऊ."

ते सगळे शेवटपर्यंत बसले. डेडलिफ्टला तर होगाडेंचा मुलगा सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. राज्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघात माझं नाव वाचलं गेलं, तेव्हा मी हिरवी साडी नेसून स्टेजवर गेले. ब्लाउजची बाही आईनं तिथंच उसवून दिली. आबा नारळ घेऊन माझ्यामागून स्टेजवर चढले. नवीन माग बसवला की ते फोडायचे, तसाच त्यांनी तो बारसमोर फोडला आणि पंचांना सिंहासनापाशी जाऊन खोबरं दिलं. सुपारी मात्र तशीच घरी आली.

लग्नाचं अजून एक वर्षानं बघू, हे आबांनीच काकूंना सांगितलं. मला मागावं लागलं नाही. मुलगा थांबला नाही, त्याला दोष नाही. पुढच्या हंगामात त्याचं हुपरीत जमलं आणि लग्नाची पत्रिका द्यायला तो स्वतः आला. पत्रिका देऊन झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "आता किती उचलता?"

त्याला वीस वर्षं होऊन गेली. आमचे माग कधीच विकले गेले, शेड राहिली. तिथं आता बार आहेत, चकत्या आहेत, आणि सकाळ-संध्याकाळ मुली असतात. मी त्यांना शिकवते. आबा दाराजवळच्या खुर्चीत बसतात. गेल्या दिवाळीत त्यांना कानाचं यंत्र घेतलं. आधी कुरकुरले, आता काढत नाहीत. इतकी वर्षं न ऐकलेलं सगळं ऐकायचं आहे, असं म्हणतात.

परवा एक नवीन मुलगी, राधिका, अर्ध्यातच अडत होती. खाली जायची आणि चार बोटं राहिली की परत फिरायची. मी बार जागेवर ठेवायला लावला आणि तिला माझी गोष्ट सांगितली. प्रत्येक मुलीला सांगते. रांगोळी, सिंहासन, नारळ, आणि शेवटी, "मी पण तिथंच अडले होते. मग माझे आबा ओरडले, बस! म्हणून मी बसले. नाहीतर बसलेच नसते."

"काय सांगतीस तिला?" दाराजवळून आवाज आला. यंत्रामुळे आबा आता ओरडत नाहीत. मला त्या मऊ आवाजाची अजून सवय झालेली नाही.

"तुम्ही बस म्हणाला होता ना, ते."

"मी म्हटलं व्हतं बस. पर बस म्हंजी बस. पुरं. थांबीव ते, म्हणून वरडत व्हतो मी."

राधिकानं माझ्याकडे बघितलं.

"आबा, म्हणजे तुम्ही मला थांबायला सांगत होता?"

"मग? एवढं लोखंड पोरीच्या पाठीवर! कुठला बाप बस खाली म्हणंल? माझा तर जीव घशात आलाता. आणि तू गेलीस की पार खाली. मला वाटलं, संपलं."

माझ्या हातात पट्टा होता, तो तसाच राहिला. वीस वर्षं मी हे सांगत आले होते. त्या एका शब्दावर मी राज्याला गेले, राष्ट्रीयला गेले, ही शेड उभी केली. आणि ते पुरे म्हणत होते!

"मग तुम्ही मला नंतर का नाही सांगितलं?"

"कधी इचारलंस? आणि सांगून तरी काय? तू सगळ्यास्नी अभिमानानं सांगायचीस म्हणं, आबा म्हणाले म्हणून. मला ऐकू कुठं येत व्हतं!" ते हसले. "पर खाली गेल्यावर मग मी दुसरं वरडलो. जीव खाऊन वरडलो."

"काय?"

"ऊठ. दुसरं काय? ऊठ वैजू, ऊठ, म्हणून. तुझी आई पण वरडत व्हती."

"मला नाही आलं ऐकू ते."

"कसं यील?" आबा म्हणाले. "तुझ्या कानात माग बसला असंल."

मला एकदम हसू आलं आणि डोळे भरून आले. मी जाऊन त्यांच्या डोक्यावर माझा टॉवेल टाकला. त्यांनी तो काढून चेहरा पुसला आणि खांद्यावर टाकला.

"मॅडम," राधिका बारखालून म्हणाली. तिनं कधी बार उचलून घेतला कळलंच नाही. पावलं बाहेर, टाचा घट्ट, सगळं बरोबर. "मग मी आता बसू का बस करू?"

मी उत्तर देणार तेवढ्यात आबा खुर्चीतून पुढं वाकले.

"बस तू," ते म्हणाले. "ऊठ कवा म्हणायचं ते मी बघतो."